पायमोजे काढा

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की मोकळी होते, चालू लागलं की पुन्हा तेच. आमच्या शेजारच्या काकांनी या दुखण्यावर बरेच महिने तेल चोळलं. "वय झालं," असं सगळे म्हणायचे. पुढे हार्ट अटॅक आला, तेव्हा पायाची धमनीही तुंबल्याचं निघालं. पायावरून हे आधी कळतं का, ते बघायला मी एका रुग्णालयाच्या डॉपलर विभागात गेले.

पलंगावर एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आजोबा. मधुमेह जुना, बिडी अजून सुटलेली नाही. तंत्रज्ञ ताईंनी त्यांना दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगितलं, मग दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतला. घोट्याला पट्टा बांधला, पावलावर जेल लावलं, पेनाएवढा प्रोब तिरका धरला. धडधाकट धमनीचा आवाज ठसठशीत, तुटक येतो. इथे लांबट, दमलेला 'हुऽऽश' ऐकू आला. ताईंनी प्रोब दोनदा सरकवला, आवाज तोच.

दंडाचा दाब १५०, उजव्या घोट्याचा १०२. भागाकार ०.६८. "०.९ च्या खाली गेलं की मी आधी छातीचं विचारते," ताई म्हणाल्या. "आजोबा, जिना चढताना धाप लागते?"
"लागते की. पण मी पायासाठी आलोय."

ताईंचा प्रश्न अगदी योग्य होता. धमन्यांच्या अस्तरात चरबी साचून त्या अरुंद होण्याचा हा आजार एका जागी थांबत नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हृदयाच्या धमन्या पोखरतात, तसेच पायाच्याही. अशा रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकार किंवा पक्षाघाताने जीव गमावण्याचा धोका जास्त असतो. आकडा १.४ च्या वर गेला तरी निश्चिंत होता येत नाही. मधुमेहात धमन्या कडक होऊन पट्ट्याने दबतच नाहीत. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

या तपासणीत सुई नाही, भूल नाही. लागतो तो पट्टा, छोटा डॉपलर आणि सराईत हात. तरीही पायापर्यंत फार थोडे डॉक्टर पोहोचतात. मधुमेह किंवा तंबाखूचं व्यसन असलेल्या माणसाची पोटरी चालताना दुखत असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा. डॉक्टरांसमोर स्वतःहून पायमोजे काढा आणि विचारा, माझा आकडा ०.९ च्या वर आहे का? खाली असेल, तर हृदयाची तपासणी लांबवू नका.