जॅक आठवतो, बच्चूबाई कोण?

वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, ‘गोदरेजचं कपाट’ अजूनही बऱ्याच घरांत उभं आहे. कपाट कुठल्याही कंपनीचं असलं तरी आई त्याला गोदरेजच म्हणते, हो ना? मग सांगा बरं, या घराण्यातली बच्चूबाई कोण होती?

नाही माहीत? हरकत नाही. पण ‘जॅक द रिपर’ म्हटलं की तुम्ही लगेच मान डोलावाल. वेब सिरीज, पॉडकास्ट, रील्स... गडी सगळीकडे आहे! १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात त्याने पाच बायका मारल्याचं मानलं जातं. तो कोण होता, हे आजवर कळलेलं नाही. आता त्या पाचांपैकी एकीचं तरी नाव सांगा.

मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. अ‍ॅनीचा नवरा बग्गी हाकायचा. एलिझाबेथ स्वीडनहून पोट भरायला लंडनला आली होती. पेपरवाल्यांनी पाचही जणींवर ‘वेश्या’ असा एकच शिक्का मारला. त्यातल्या किमान तिघींबाबत तसा पुरावाच नाही, असं इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ साली दाखवून दिलं. मधल्या सव्वाशे वर्षांहून जास्त काळात शोध चालला तो फक्त मारेकऱ्याचा!

आता आपल्या मुंबईत या. २५ एप्रिल १८९१. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर, उंची सुमारे २८० फूट. तेव्हा लोक वर चढून शहर बघायचे. त्या दिवशी बच्चूबाई आणि तिच्या नात्यातली पिरोजबाई वर गेल्या. थोड्या वेळाने दोघीही खाली कोसळलेल्या आढळल्या. बच्चूबाईचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं, अर्देशिर गोदरेज यांच्याशी. हो, तेच. पुढे १८९७ मध्ये ज्यांनी कुलपांचा धंदा सुरू केला, ते.

एका तरुणावर खुनाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. म्हणून त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. त्यांना कोणी ढकललं, की अंगावर आलेल्यापासून सुटण्यासाठी त्यांनीच उडी घेतली? उत्तर नक्की झालंच नाही. अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

तपास का अडला असेल? त्या काळी पोलिसांच्या हाती काय होतं, ते बघा. बोटांच्या ठशांचं कार्यालय कलकत्त्यात सुरू झालं १८९७ मध्ये. रक्तगट कळले १९०१ मध्ये. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत तर १९८४ ची. म्हणजे सगळी भिस्त साक्षीदारांच्या तोंडावर. आणि मेलेली माणसं साक्ष द्यायला येत नाहीत. मग लोकांनी आपापली गोष्ट रचली. कोणी त्यांना अब्रूसाठी जीव देणाऱ्या देवता केलं, तर कोणी टॉवरच्या भुताच्या कथेत टाकलं. त्या दोन हसत्या-बोलत्या मुली मात्र कुठेच उरल्या नाहीत.

हे फक्त लंडन-मुंबईत घडलं असं समजू नका. आपला वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता. त्याच निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर यांची ठगांवरची कादंबरी १८३९ मध्ये आली आणि इंग्लंडात गाजली. तिचा नायक कोण? ठग! रुमालाने गळा आवळून रस्त्याकडेला पुरलेले वाटसरू मात्र बहुतेक बेनाव राहिले. घरचे वाट बघत बसले असतील. हाडं तरी कुणाची, कोण सांगणार?

म्हणून पाटणी चौकात चहा पिता पिता पुढच्या वेळी ‘क्राइम’वाली सिरीज रंगात आली, की मित्रांना एवढंच विचारा : जो गेला त्याचं नाव काय? तो जगत कसा होता? मागे कोण राहिलं? सिरीजमध्ये याची उत्तरं नसतील, तर ती गोष्ट अर्धीच आहे.

आणि आज घरी गेल्यावर त्या कपाटाचं दार उघडाल, तेव्हा बच्चूबाईला एकदा आठवा. तिच्यासोबत पिरोजबाईलाही.