कार्ड बसले, पण चालते का?

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कितीतरी छोट्या कचेऱ्यांत जुना डेस्कटॉप अजून राबतो आहे. त्यावर लिनक्स टाकले की काम भागते. कमी पडतात ते यूएसबीचे पोर्ट. मग लॅमिंग्टन रोडवरून एक्स्पान्शन कार्ड आणले जाते. पण बॅकअप चालू असताना हार्ड डिस्क मध्येच दिसेनाशी झाली, तर वर्षाचे हिशेब अर्धवट राहतात.

अशा वेळी आपण लिनक्सला बोल लावतो. वास्तविक लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, यूएसबी ३.० ची सोय २००९ मध्येच आली.

आधी वीज तपासावी. यूएसबी ३.० च्या एका पोर्टला ९०० मिलीअँपियर लागू शकतात. चार पोर्टांना ५ व्होल्टवर १८ वॉट. म्हणून एसएमपीएसची वायर जोडता येईल असेच कार्ड घ्यावे, आणि ती वायर आठवणीने जोडावी.

दुसरी गोष्ट चिपची. रेनेसासच्या काही चिपना सुरू होताना फर्मवेअर लागते. कार्डावर ते साठवलेले नसेल, तर कर्नेलने ते भरावे लागते. ही सोय २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून आहे. मात्र फर्मवेअरची फाइल संगणकात असायला हवी.

'एलएसपीसीआय' या आज्ञेने चिप कळते. 'डीमेसेज'मध्ये डिस्क केव्हा तुटली याची नोंद मिळते. शेवटी एक मोठी फाइल डिस्कवर पाठवून 'एसएचए२५६सम'ने दोन्हीकडचे आकडे ताडून पाहावेत. ते जुळले, तरच बॅकअपवर भिस्त ठेवावी.