द्राक्षबागेतील ज्ञान वाइनच्या टाकीपर्यंत

फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात द्राक्षांच्या पेट्या येऊ लागल्या, की भिलाईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नाशिक-सांगलीची आठवण होणे स्वाभाविकच आहे. ही द्राक्षे आपण घरी आणून स्वच्छ धुतो. वाइनसाठी तोडलेली द्राक्षे मात्र सर्वसाधारणपणे धुतली जात नाहीत. मण्याच्या सालीवर जे असेल, ते रसात उतरते. म्हणूनच सेंद्रिय पद्धतीने द्राक्ष पिकविणाऱ्या बागायतदाराचे ज्ञान वाइन उद्योगाला मोलाचे ठरते.

या देवाणघेवाणीची परंपरा जुनी आहे. फ्रान्समधील मेदॉक भागात रस्त्यालगतची द्राक्षे कोणी चोरून खाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. अशा वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मियार्दे यांच्या ध्यानी आले. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेच बोर्डो मिश्रण आजही आपल्या बागांत वापरले जाते. सेंद्रिय शेतीतही त्यास मर्यादित मुभा आहे. मात्र तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

महाराष्ट्रात नारायणगाव येथे १९८० च्या दशकात वाइननिर्मितीने मूळ धरले. पुढे नाशिक परिसरात तिचा विस्तार झाला आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण आखले. द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रे आणि १९९७ मध्ये मांजरी येथे सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांमुळे अनुभव आणि विज्ञान एकत्र येण्यास व्यासपीठ होतेच.

सेंद्रिय बागायतदार उद्योगाला नेमके काय देऊ शकतो? पहिली गोष्ट म्हणजे वेलीची रचना. पानांची वेळेवर विरळणी केली, की हवा खेळती राहते, पाने लवकर सुकतात आणि केवड्यास वाव मिळत नाही. दुसरी गोष्ट मिलीबगची. मुंग्या या किडीचे रक्षण करतात, हे जाणणारा शेतकरी आधी मुंग्यांचा बंदोबस्त करतो आणि क्रिप्टोलिमस हे मित्रभुंगेरे बागेत सोडतो. खाण्याच्या द्राक्षात मणी टपोरा हवा. वाइनसाठी लहान मणीच इष्ट, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. त्यामुळे मणी फुगविण्याचा खटाटोप येथे टळतो.

वाइनतज्ज्ञही शेतकऱ्याला काही शिकवितो. भुरीवर गंधक चालते. पण तोडणीच्या तोंडावर फवारल्यास आंबवताना रसाला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. फवारणीची नोंदवही दोघांनी मिळून पाहिली, तर असे नुकसान टळते.

तथापि, ज्ञान देणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली, साठे पडून राहिले आणि नाशिक भागातील अनेकांना वाइनच्या वेली उपटाव्या लागल्या. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात खपत नाहीत. खरेदीदार हटला, की मालाला दुसरी वाट उरत नाही. शिवाय राष्ट्रीय सेंद्रिय मानकांनुसार द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला तीन वर्षांचा रूपांतरण काळ लागतो. या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव मात्र नेहमीचा, अशी ओढाताण संभवते. म्हणून लागवडीपूर्वीच खरेदीचा लेखी करार, प्रतीनुसार दर आणि उत्पन्न सुरू होण्याच्या वेळेशी जुळणारे कर्जाचे हप्ते ठरविणे शहाणपणाचे होय. २०११ पासूनच्या सहभाग हमी पद्धतीत शेतकरी गटाने एकमेकांच्या शेताची पाहणी करतात. प्रमाणपत्राइतकाच त्या पाहणीत घडणारा अनुभवांचा विनिमयही महत्त्वाचा आहे.

दुर्ग जिल्ह्यात द्राक्षापेक्षा टोमॅटोचे महत्त्व अधिक. परंतु प्रक्रियेसाठी माल देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हाच धडा लागू पडतो: कारखान्याशी बोलणी बी पेरण्यापूर्वी व्हावीत आणि त्या बैठकीस शेतकऱ्याने केवळ मालाचा पुरवठादार म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून बसावे.