सॅमनचा परतीचा प्रवास

कॅनडाच्या पश्चिमेस, फ्रेझर नदीच्या खोऱ्यात ॲडम्स नावाची एक लहानशी नदी आहे. शरद ऋतूत तिचे उथळ पात्र लालभडक दिसू लागते. हा रंग पाण्याचा नव्हे. अंडी घालण्यासाठी समुद्रातून परतलेल्या सॉकाय जातीच्या सॅमन माशांचा होय.

नदीत शिरल्यावर हे मासे अन्न वर्ज्य करतात. अंगातील चरबीवर निर्वाह करीत ते सुमारे ५०० किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहत जातात. जन्मस्थानी पोचण्यास त्यांना पाण्याचा ओळखीचा वास साहाय्य करतो. मादी शेपटीने वाळूगोट्यांत खळगे करून तीन-चार हजार अंडी घालते. नर ती फलित करतो. थोड्याच दिवसांत दोघेही मरण पावतात. पिलांना आईबाप कधी दिसतच नाहीत! पिले वर्षभर शुस्वॅप सरोवरात वाढतात, मग समुद्र गाठतात आणि बहुतेक चौथ्या वर्षी परततात.

१९१३-१४ साली रेल्वेमार्गाच्या कामातील दगडांनी व कोसळलेल्या दरडीने हेल्स गेट ही अरुंद घळ अडविली. असंख्य मासे अंडी न घालताच मेले. सॅमनवर जगणाऱ्या तेथील मूळ रहिवाशांवर उपासमार ओढवली. पुढे १९४६ पर्यंत घळीच्या कडेने माशांसाठी बांधीव वाटा करण्यात आल्या, तेव्हा कुठे त्यांचा मार्ग सुकर झाला.