जादा मैल, चार हात आणि लांब दोरी

गेल्या गणेशोत्सवात समारोपाच्या दिवशी आपल्या मंडळाच्या एका तरुण कार्यकर्त्याने आभार मानले. मुलगा हुशार, शिक्षण सगळे इंग्रजीतून, तरी बोलायचे ते मराठीतच असे ठरवून उभा राहिलेला. बोलण्याच्या भरात तो म्हणाला, "स्वयंपाकघरातल्या मंडळींनी या वर्षी आपल्यासाठी जादा मैल चालून दाखवला." मागच्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीला विचारले, "का गं, पातेली पायी आणली की काय?" हशा पिकला. पोरगा ओशाळला.

आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पण घरी येताना वाटले की हसण्याचा आम्हाला अधिकार काय? आम्ही इंदूरकर मराठी माणसे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कचेरीत इंग्रजी अशा तीन रुळांवरून गाडी चालवतो. बँकेत आम्ही तीस-बत्तीस वर्षे इंग्रजी टिपणे लिहिली. त्यातले कितीतरी वाक्प्रचार साहेबांच्या टिपणांवरून उचललेले, अर्थ अंदाजाने धरलेला. त्यांच्यामागचे चित्र कधी पाहिलेच नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा रस्ता, अंतर आणि लांबी यांवरचे काही वाक्प्रचार जमवले. त्यातले निवडक इथे मांडतो.

सुरुवात अर्थातच त्या जादा मैलापासून. 'गो द एक्स्ट्रा माइल' म्हणजे जेवढे सांगितले त्याहून अधिक, मनापासून करणे. याचे मूळ बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात आहे. रोमन अमलाखालच्या मुलखात शिपाई वाटेवरच्या माणसाला धरून ओझे वाहायला लावू शकत. आपल्याकडे यालाच वेठीला धरणे म्हणत. येशू सांगतो की कोणी तुला एक मैल यायला भाग पाडले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. म्हणजे पहिला मैल वेठीचा, दुसरा स्वखुशीचा. हे कळल्यापासून आमच्या जुन्या कचेरीतली ती परिपत्रके आठवून गंमत वाटते, ज्यांत मार्चअखेरीला सगळ्यांनी 'एक्स्ट्रा माइल' जावे असा हुकूम असे. हुकमाने चालायचा तो पहिला मैल!

मराठीत त्या मुलाला 'जिवाचे रान केले' म्हणता आले असते. आणि कुणी आपल्या सोयीचा रस्ता सोडून मदतीला आला असेल, तर 'वाट वाकडी करून आला' आहेच. इंग्रजीतल्या 'आउट ऑफ वन्स वे' जाण्याला याहून चपखल शब्द सापडणार नाही.

आता हा मैल मुळात काय? रोमन लोकांची हजार पावले. मात्र त्यांचे पाऊल म्हणजे डावे आणि उजवे मिळून एक. इंग्लंडात पोचल्यावर या मैलाची गाठ पडली फर्लांगाशी, आणि फर्लांग हे शेतकऱ्याचे माप. या शब्दाचा मूळ अर्थच 'नांगराच्या तासाची लांबी'. बैलांनी दम न घेता जेवढे लांब तास ओढावे, तेवढा एक फर्लांग. पुढे तो २२० यार्डांचा ठरला. सैनिकाचा मैल आणि शेतकऱ्याचा फर्लांग एकमेकांत नीट बसेनात, तेव्हा १५९३ साली राणी एलिझाबेथ पहिलीच्या काळात कायदा झाला आणि मैल आठ फर्लांगांचा, म्हणजे १७६० यार्डांचा, ठरला. फर्लांग हलवला असता तर जमिनीची सगळी मापे बिघडली असती, म्हणून मैलच ताणला. हिशेबाच्या माणसाला ही तडजोड लगेच पटते.

एका फर्लांगात दहा साखळ्या, एक साखळी २२ यार्डांची. क्रिकेटची खेळपट्टी बरोबर तेवढीच, दोन टोकांच्या यष्ट्यांत एक साखळी. आणि आपला गुंठा? तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस. चाळीस गुंठ्यांचा एकर झाला की हिशेब पुन्हा त्या नांगराच्या तासाशी जाऊन मिळतो, कारण एकर म्हणजे एक फर्लांग लांब आणि एक साखळी रुंद पट्टा. तारण जमिनीचे उतारे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले, पण हे नाते निवृत्तीनंतर कळले.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि एबी रोडवर हळूहळू किलोमीटरचे दगड आले. तरी 'माइलस्टोन' हटला नाही. मराठीनेही 'मैलाचा दगड' जसाच्या तसा उचलला आणि पचवला. 'किलोमीटरचा दगड ठरलेले नाटक' असे अजून कुणी लिहिलेले पाहिले नाही. म्हणजे उसना वाक्प्रचार कधी रुजतोही. मैलाचे दगड आपल्या रस्त्यांवर डोळ्यांसमोर उभे होते म्हणून हा रुजला असावा, असे आमचे मत.

कापडाच्या मापांनीही इंग्रजीला बरेच दिले आहे. 'इंच दिला की मैल घेतो' ही म्हण आज मैलाची आहे, पण जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात तिथे मैल नाही, 'एल' आहे. एल हे कापडाचे माप, इंग्लंडात ४५ इंचांचे. एक इंच जास्त सोडा म्हणणारे गिऱ्हाईक अख्खा एल ओढून नेते, हे दृश्य आपल्या एम.टी. क्लॉथ मार्केटातही नवे नाही. एल व्यवहारातून गेला, तेव्हा म्हणीत त्याच्या जागी मैल आला आणि लोभ एकदम हजारपटीहून अधिक वाढला. आपल्याकडे 'बोट दिले तर हात धरतो'. आपले माप अंगावरचेच आणि बेताचे.

'द होल नाइन यार्ड्स' ऐकले की मराठी माणसाचे कान टवकारतात. यार्ड म्हणजे वार, नऊ वार म्हणजे आपले लुगडे! आमच्या ओळखीचे एक गृहस्थ हा वाक्प्रचार नऊवारीवरूनच निघाला असे छातीठोकपणे सांगत. ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. हा वाक्प्रचार अमेरिकी आहे, अर्थ 'सगळेच्या सगळे'. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचे पट्टे नऊ यार्डांचे असत, अशीही एक कथा सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१२ च्या सुमाराला, केंटकीतल्या वर्तमानपत्रात हाच वाक्प्रचार 'सहा यार्ड' अशा रूपात सापडतो. आपल्याकडे मात्र नऊवारीची पाचवारी झाली.

काही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच जागी वेगळ्या वाटेने पोचतात. इंग्रजाला जवळचे अंतर सांगायचे तर तो दगड फेकतो, 'स्टोन्स थ्रो'. आपण हाक मारतो, 'हाकेच्या अंतरावर'. तो 'बीटन ट्रॅक' म्हणतो, आपण 'मळलेली वाट'. दोन्हीत पाय तेच. पण ती वाट सोडणाऱ्याचे इंग्रजीत हल्ली कौतुक होते, आणि आपल्याकडे आडवाटेला गेलेल्या पोराची घरात काळजी सुरू होते.

'आर्म्स लेंग्थ' हा आमच्या धंद्यातला शब्द. साधा अर्थ हाताच्या अंतरावर ठेवणे, फार सलगी न करणे. मराठीत आपण 'चार हात दूर' राहतो. इंग्रजाला एक हात पुरतो, आपल्याला चार लागतात. मात्र चार हात दूर राहायचे ते भांडकुदळ माणसापासून किंवा भानगडीपासून. त्यात टाळण्याचा भाव आहे. हिशेबाच्या भाषेत 'आर्म्स लेंग्थ' ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. भावाने भावाच्या कंपनीला माल विकला, तरी भाव असा लावावा की जणू दोघे परके आहेत. प्राप्तिकरात परदेशातल्या आपल्याच कंपनीशी होणाऱ्या व्यवहारांना हे तत्त्व २००१ पासून सविस्तर लावले गेले. २०१३ च्या कंपनी कायद्यातही संबंधितांशी केलेल्या व्यवहारांना हीच कसोटी आहे. याचे भाषांतर 'चार हात दूरचा व्यवहार' केले तर वाचणाऱ्याला वाटेल की व्यवहारच करू नये. 'परक्याशी करावा तसा व्यवहार' म्हटले की दुकानदारालाही कळते.

आता ती दोरी. इंग्रजीत 'लाँग रोप' देणे आपल्या देशात फार चालते आणि आपण त्याचा अर्थ 'सवलत, मोकळीक' असा घेतो. जनावराचे दावे लांब सोडावे, तसे. पण इंग्रजी म्हणीतली दोरी दाव्याची नव्हे, फासाची आहे. चोराला हवी तेवढी दोरी द्या, तो आपणच गळफास लावून घेईल, असा तिचा आशय. सतराव्या शतकापासून ती वापरात आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही ज्या शाखेत होतो, तिथल्या तपासणी अहवालात निरीक्षकांनी लिहिले की एका कापड व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याला शाखा व्यवस्थापकांनी 'लाँग रोप' दिली आहे. व्यवस्थापक सज्जन माणूस. त्यांना वाटले, ग्राहकसेवेची तारीफ झाली. चहाच्या वेळी त्यांनी ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवले आणि वरिष्ठ कार्यालयाला आभाराचे पत्र पाठवले. त्या पत्राचा मसुदा आम्ही केला होता. आठवड्याभरात उत्तर आले. एवढे खाते थकत असताना आभार कसले मानता, खुलासा करा. खाते पुढे वसूल झाले, पण त्या वर्षी साहेबांची बढती हुकली. त्यांनी आम्हाला कधी दोष दिला नाही. आम्हाला मात्र शब्दकोश उघडायला दोन मिनिटे लागली असती, हे अजून टोचते.

म्हणूनच त्या मुलाला आम्ही घरी बोलावले आणि त्याच्या जादा मैलाची गोष्ट सांगितली. काकूंच्या हसण्याचे त्याला वाईट वाटले होते, पण गोष्ट त्याने लक्ष देऊन ऐकली. मग उलट आम्हालाच विचारले, "काका, पण मराठीत वेट करायला वाट पाहणे का म्हणतात? त्यात वाट कशाला पाहायची?"

आम्ही विचारले, "तुला उशीर झाला की तुझी आजी कुठे असते?"

"गॅलरीत."

"आणि बघते कुठे?"

त्याने घड्याळाकडे पाहिले. साडेनऊ वाजले होते. उत्तर न देताच त्याने खिशातून फोन काढला आणि घरी लावला.