टीव्हीवर संगणकाच्या कडा का कापल्या जातात?

ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय केबल हाय-डेफिनिशन टीव्हीला जोडली, चित्रही उमटले. पण खालची टास्कबार अर्धी गायब! अशा वेळी नवे कार्ड वा महागडी केबल घेण्याची घाई करू नये. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या वेड्यावाकड्या कडा झाकण्यासाठी ते किंचित मोठे करून दाखविले जाई. ‘ओव्हरस्कॅन’ नावाची ही सवय अनेक सपाट टीव्हींनीही सोडलेली नाही. टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकारासाठी ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम पर्याय निवडावा. फुल एचडी टीव्ही असल्यास संगणकावर १९२० बाय १०८० रेझोल्युशन ठेवावे. पुसट अक्षरेही मग ठसठशीत होतात. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधूनही चित्र लहान करता येते. परंतु त्यात अक्षरांची स्पष्टता घटते, म्हणून तो शेवटचा उपाय. जुन्या कार्डावर केवळ डीव्हीआय असल्यास आवाजाची वायर बहुधा वेगळी जोडावी लागते.