पडद्यावरील योद्ध्याचे उतारवय

मारधाडीच्या चित्रपटांची आवड नसलेला विद्यार्थी विरळा. आणि त्या आवडीपायी घरी बोलणी न खाल्लेला विद्यार्थी त्याहूनही विरळा. अशा चित्रपटांचा नायक हवेत गिरकी घेऊन लाथ मारतो, दहाजणांस क्षणात लोळवितो आणि स्वतः मात्र जसाचा तसा उभा राहतो. तो जसाचा तसा राहतो तो पडद्यावरच. ज्या देहाच्या बळावर हा सर्व खेळ चालतो तो देह इतरांच्या देहाप्रमाणेच वर्षावर्षाने थकत जातो. मग त्या नटाचे, व त्याच्या नावावर चालणाऱ्या धंद्याचे, पुढे काय होते हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही तो येथे विचारणार आहोत. आणि उदाहरणादाखल जाँ-क्लोद व्हॅन डॅम या बेल्जियन नटाची उत्तरकालीन कामगिरी वाचकांपुढे ठेवणार आहोत.

व्हॅन डॅम यांचा जन्म सन १९६० मध्ये ब्रुसेल्सच्या एका उपनगरात झाला. त्यांचे मूळचे आडनाव व्हॅन व्हारेनबर्ग. बालवयातच त्यांनी कराटे विद्येस आरंभ केला आणि पुढे पाच वर्षे बॅले नृत्याचाही अभ्यास केला. बॅलेचे नाव ऐकून आमचे काही बालवाचक हसतील, म्हणून सांगतो की, दोन्ही पाय दोन दिशांस पूर्ण फाकवून एका सरळ रेषेत आणण्याची जी करामत पुढे त्यांची खूण ठरली, तिच्या मुळाशी कराट्याइतकेच हे नृत्यही होते. सन १९८२ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथे काही वर्षे मिळेल ते काम करून दिवस काढल्यावर सन १९८८ च्या 'ब्लडस्पोर्ट' या चित्रपटाने त्यांचे नशीब उघडले. तो चित्रपटही मोठ्या खर्चाचा नव्हता. त्यानंतर 'किकबॉक्सर', 'युनिव्हर्सल सोल्जर', 'हार्ड टार्गेट' असे एकामागून एक चित्रपट आले, आणि सन १९९४ च्या 'टाइमकॉप'ने तर जगभर दहा कोटी डॉलरांच्या वर उत्पन्न केले.

उतार मात्र लवकर लागला. अपयशी चित्रपट, मादक द्रव्यांचे व्यसन, घरगुती कलह, सर्वच एकदम आले. सन १९९९ मधील 'युनिव्हर्सल सोल्जर : द रिटर्न'नंतर सन २०१२ पर्यंत त्यांचा एकही चित्रपट अमेरिकेतील चित्रगृहांत मोठ्या प्रमाणावर लागला नाही. परंतु याचा अर्थ ते घरी बसले असा नव्हे. या अवधीत त्यांनी कित्येक चित्रपट केले. ते चित्रगृहात न लागता सरळ डीव्हीडीच्या तबकडीवरून विकले जात. हा एक निराळाच व्यापार आहे, आणि तो समजल्यावाचून पुढील गोष्ट समजावयाची नाही.

चित्रपट तयार होण्यापूर्वीच विकता येतो, हे पुष्कळांस खरे वाटणार नाही. निर्माता एका प्रसिद्ध नटाचे नाव व एक भडक जाहिरातचित्र घेऊन चित्रपटांच्या बाजारात जातो. असा एक मोठा बाजार फ्रान्समधील कान शहरी दरवर्षी भरतो. तेथे निरनिराळ्या देशांचे वितरक आपापल्या मुलखाचे हक्क आगाऊ घेतात. ते करारनामे बँकेत तारण ठेवून निर्माता कर्ज उचलतो, आणि त्या कर्जातून चित्रपट निघतो. जमा अशी आधीच ठरलेली असल्यामुळे नफा हवा तर खर्च आवळावा लागतो. म्हणून चित्रीकरण बल्गेरिया, रुमानिया अशा देशांत करावयाचे, जेथे मजुरी कमी. आणि सर्व काम महिना-दीड महिन्यात उरकावयाचे. बल्गेरियाची राजधानी सोफिया येथील बोयाना नावाचा जुना सरकारी स्टुडिओ तर अमेरिकन निर्मात्यांनी विकतच घेतला. या सर्व व्यवहारात खरा माल म्हणजे वेष्टनावरील नाव. नटाचे गुडघे दुखू लागले तरी नाव दुखत नाही. ते वीस वर्षांपूर्वीच्या पराक्रमावर पुढेही खपत राहते.

देह व नाव यांतील हे अंतर पडद्यावर झाकावयाचे कसे? त्याच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. तरुण नट लढत असता कॅमेरा दूर ठेवून त्याचे सर्व शरीर एकाच तुकड्यात दाखविता येते. लाथ कोठून निघाली व कोठे लागली हे प्रेक्षकास स्पष्ट दिसते. वयस्क नटाच्या बाबतीत कॅमेरा जवळ येतो, हलू लागतो, आणि एका लाथेचे चार तुकडे होतात : एकात नटाचा चेहरा, दुसऱ्यात कोणाचा तरी पाय, तिसऱ्यात पडणारा मनुष्य, चौथ्यात पुन्हा चेहरा. तो पाय बहुधा बदली लढवय्याचा असतो. लढाईची तालीम करण्यास वेळ व पैसा लागतो, आणि स्वस्त चित्रपटाजवळ दोन्ही नसतात. म्हणून कित्येकदा प्रमुख नट खुर्चीत बसून हुकूम सोडतो व हातघाई इतरांकडे जाते. यास आम्ही लबाडी म्हणत नाही, कारण बदली लढवय्ये तरुण नटांसही लागतात. तथापि वेष्टनावरील चेहरा पाहून ज्याने पैसे मोजले, त्या गिऱ्हाइकाच्या पदरी अशा वेळी फार थोडे पडते.

व्हॅन डॅम यांचे कित्येक उत्तरकालीन चित्रपट याच जातीचे आहेत, व ते विसरले गेले तर हानी नाही. परंतु काही थोडे निराळे निघाले. त्यांत हाँगकाँगचे दिग्दर्शक रिंगो लॅम यांचे दोन. 'रेप्लिकंट' (२००१) मध्ये व्हॅन डॅम यांनी एक खुनी व त्याची बालबुद्धीची प्रतिकृती अशा दुहेरी भूमिका केल्या. 'इन हेल' (२००३) मध्ये ते तुरुंगात पडलेला एक साधा मनुष्य झाले, जो आरंभी मार देण्यापेक्षा मार खातोच अधिक. नायकास हतबल दाखविण्याचे धैर्य या स्वस्त चित्रपटांत आले, ते मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत क्वचितच दिसते.

यापुढची पायरी म्हणजे सन २००८ चा 'जे. सी. व्ही. डी.' हा फ्रेंच भाषेतील चित्रपट. दिग्दर्शक माब्रूक एल मेक्री. यात व्हॅन डॅम यांनी व्हॅन डॅम यांचीच भूमिका केली आहे. पैशाने खंगलेला, काम न मिळणारा हा नट ब्रुसेल्सला परततो, टपालकचेरीत शिरतो, आणि तेथे दरोडा चालू असल्याने पोलिसांस तोच दरोडेखोर वाटतो. प्रारंभीच एक लांबलचक लढाई एकाच अखंड तुकड्यात चित्रित केली आहे, आणि ती संपताच नट धापा टाकीत तक्रार करतो की, आपले वय सत्तेचाळीस झाले, एका दमात हे सर्व करणे आता जड जाते. पुढे मुलीच्या ताब्याचा कज्जा उभा राहतो. विरुद्ध बाजूचा वकील न्यायाधीशापुढे या नटाच्या चित्रपटांतील मारण्याचे प्रकार एकेक करून वाचून दाखवितो; आणि ती लहान मुलगी सांगते की, दूरचित्रवाणीवर बाबा दिसले की मैत्रिणी आपली थट्टा करतात. व्हॅन डॅम यांच्या साऱ्या चित्रपटांत इतका जोराचा तडाखा आम्हांस दुसरा आढळला नाही, आणि तो मारण्यास हातही उचलावा लागलेला नाही.

याच चित्रपटाच्या मध्यावर कथा थांबते. नट आपल्या आसनासह वर उचलला जातो, देखाव्याच्या भिंतींच्या वर, जेथे दिवे टांगलेले दिसतात. आणि तेथून तो प्रेक्षकांकडे पाहून सुमारे सहा मिनिटे बोलतो. कीर्ती, व्यसन, फसलेले संसार, आणि आपल्याहून चांगले लढणारे परंतु संधी न मिळालेले लोक, या सर्वांविषयी तो रडत रडत बोलतो. येथे तुकडे जोडलेले नाहीत, बदली मनुष्य नाही. 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्कृष्ट अभिनयांत या कामास दुसरे स्थान दिले.

सन २००९ चा 'युनिव्हर्सल सोल्जर : रीजनरेशन' हा पुन्हा बल्गेरियात, अल्प भांडवलात केलेला चित्रपट. दिग्दर्शक जॉन हायम्स. कॅमेरा सांभाळला त्यांचे वडील पीटर हायम्स यांनी, जे 'टाइमकॉप'चे दिग्दर्शक होते. मुलाच्या चित्रपटात बापाने हाताखाली काम करावे ही गोष्ट आमच्या पालकवाचकांस गमतीची वाटेल. पहिल्या चित्रपटातील यांत्रिक शिपाई येथे थकलेला, आठवण गेलेला, वैद्यांच्या देखरेखीखालील मनुष्य झाला आहे. चित्रपटाचा बराच भाग तो जवळजवळ दिसतच नाही. ही काटकसर खरी, परंतु दिग्दर्शकाने तीच कथेच्या उपयोगास लाविली : ज्यास विसावा मिळू लागला होता, त्यास पुन्हा लढाईस जुंपले जाते, आणि त्याच्या सुरकुतलेल्या मुद्रेवर उत्साहाचा लवलेशही नसतो. समोर आंद्रे आर्लोव्हस्की हा खराखुरा लढवय्या, जो एकेकाळी व्यावसायिक झुंजींत वजनदार गटाचा विजेता होता. त्याच्या ताज्या बळापुढे जुन्या नटाचे वय अधिकच दिसते, आणि ते दिसू दिले आहे. हा चित्रपट व त्यानंतरचा 'डे ऑफ रेकनिंग' (२०१२) अत्यंत रक्तपाताचे असून ते लहान मुलांनी पाहू नयेत, हे येथे स्पष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

सन २०१३ मध्ये व्हॅन डॅम यांनी व्होल्वो कंपनीच्या मालमोटारींची एक लहानशी जाहिरात केली. दोन मालमोटारी मागे मागे जात असता एकमेकींपासून हळूहळू दूर होतात, आणि दोहोंवर एकेक पाय ठेवून उभा असलेला त्रेपन्न वर्षांचा मनुष्य शांत मुद्रेने पाय फाकवीत जातो. स्पेनमध्ये पहाटेच्या प्रकाशात हे चित्रण एकाच तुकड्यात झाले. सुरक्षेची योजना होती, परंतु पाय त्यांचेच होते. जगभर कोट्यवधी लोकांनी ती जाहिरात पाहिली.

आणखी पाच वर्षांनी, सन २०१८ मध्ये, त्यांनी फ्रेंच दिग्दर्शक जुलियाँ लक्लेर्क यांच्या 'लुकास' या चित्रपटात काम केले. गोष्ट त्यांच्या जन्मगावची, ब्रुसेल्सची. नायक लहान मुलीचा एकटा बाप. रात्रीच्या नृत्यगृहाच्या दारावर पहारा करणे हा त्याचा धंदा. नोकरी सुटल्यामुळे तो दुसरीकडे काम मागावयास जातो. तेथला मालक सर्व उमेदवारांस तळघरात नेतो व सांगतो की, शेवटी जो उभा राहील त्यास काम मिळेल. उमेदवारांत सर्वांत वयस्क हाच. तो लढतो, उभा राहतो, आणि कामावर रुजू होतो.